निळी दिसणारी ओळ

एम. त्रिपुरसुंदरी हे पूर्ण नाव फक्त पगाराच्या कागदावर असायचं. ऑफिसातली तमिळ मुलं तिला सुंदरी मॅडम म्हणत. मालक पद्मनाभ तिला अक्का म्हणे, कारण ती त्याच्या सख्ख्या आत्याची मुलगी. मी मिरजेहून नवीन आले होते, काय हाक मारावी ते कळेना, तेव्हा तिनंच सांगितलं, "तूही अक्काच म्हण, रुचिरा. मज मॅडम म्हणून कोणी बोलवलं की दुसरी कोण आली म्हणून बघावंसं वाटतं."

तिचं मराठी असं होतं. घराणं तंजावरकडचं, कित्येक पिढ्या तमिळ मुलखात गेलेल्या. मज, तुज, बोलतेत, सांगतेत असं जुन्या कागदांतून उचलल्यासारखं बोलायची आणि वाक्याचा हेल मात्र पक्का तमिळ. सुरुवातीला मला हसू यायचं. पुढे मीच आईला फोनवर 'बरं'च्या जागी "सरी, ठेवते" म्हणायला लागले.

चेन्नईत पुरसवाक्कमला अक्काच्या घरच्यांचं छोटं घर होतं. वरची खोली त्यांनी मला भाड्यानं दिली. खाली अक्का आणि तिची आई, अन्नपूर्णाबाई. वडील माधवराव शहराबाहेर आवडी नावाच्या गावी संरक्षण खात्याच्या कारखान्यात कारकून होते. ते गेल्यावर क्वार्टर सुटलं आणि मायलेकी इथं आल्या. अक्कानं गणितात बी.एस्सी. केलं, संगणकाचा एक कोर्स केला, आणि लग्न जमेना तसं ते जमवणंही हळूहळू थांबलं. मी राहायला गेले तेव्हा ती पन्नाशीकडे झुकली होती. पद्मनाभनं अमेरिकेतून परत येऊन कंपनी काढली तेव्हा पहिलं माणूस म्हणून तिला घेतलं होतं. ही गोष्ट अन्नपूर्णाबाई मला आठवड्यातून एकदा तरी सांगत. "माझ्या भावाच्या लेकानं आम्हांस वर काढलं," असं त्यांचं वाक्य ठरलेलं होतं.

कंपनी एग्मोरला, एका चष्म्याच्या दुकानाच्या वर. आम्ही एक एडिटर बनवायचो. कारखान्यातली यंत्रं चालवायचे प्रोग्राम ज्यात लिहितात, तो. इंजिनियर त्यात प्रोग्राम लिहिणार, एक बटण दाबून तो यंत्राच्या भाषेत उतरवणार आणि यंत्रावर चढवणार. या एडिटरचं मोठं आकर्षण म्हणजे रंग. यंत्राला दिलेल्या आज्ञा निळ्या दिसायच्या. माणसानं माणसासाठी लिहिलेलं टिपण, जे यंत्र वाचत नाही, ते हिरवं. आकडे तांबडे. प्रोग्राम उघडला की काय जिवंत आहे आणि काय नुसतं लिहून ठेवलंय ते नजरेला लगेच कळायचं. हा रंगांचा भाग पद्मनाभनं स्वतः लिहिला होता. गिऱ्हाइकाला दाखवताना तो पडद्याकडे लहान मुलानं काढलेल्या चित्राकडे बघावं तसा बघायचा.

माझं काम माहितीपुस्तिका लिहिण्याचं. अक्काचं काम तपासणीचं. एडिटर कुठे चुकतो ते शोधायचं, नोंद करायची, आणि दोष किती मोठा ते ठरवायचं: गंभीर, मध्यम किंवा किरकोळ. ती दोष शोधायची ते काही नेमून दिलेल्या यादीवरून नव्हे. कारखान्यातले इंजिनियर काय काय उद्योग करतात याचा तिला अंदाज होता. ते टिपणात फोन नंबर लिहितात, देवाचं नाव लिहितात, फाईल कुठे ठेवलीय तो पत्ता लिहितात. तीही तसंच सगळं लिहून बघायची.

त्यातूनच तो दोष तिला सापडला. तिनं मला खुर्ची ओढून बसवलं.

"हे बघ. ही टिपणाची ओळ. जुनी फाईल कुठल्या फोल्डरात हाय ते लिहिलंय. शेवटी काय आलं?"

शेवटी बॅकस्लॅश होता. फोल्डरच्या पत्त्याच्या शेवटी पडते तशी उलटी तिरकी रेघ.

"आमच्या प्रोग्रामच्या भाषेत ओळीच्या शेवटी ही रेघ आली की अर्थ काय? पुढची ओळ हिलाच जोडलेली. म्हणजे पुढची ओळ पण टिपण झालं. यंत्र ती वाचणारच नाही."

"पण पुढची ओळ निळी दिसतेय," मी म्हटलं.

"तेच की. एडिटर एकेक ओळ वेगळी बघतो. त्याला वाटतं टिपण तिथंच संपलं. माणसाला आज्ञा जिवंत दिसते, आणि यंत्रात ती उतरतच नाही. कुठं चूक म्हणून सांगत पण नाही."

तिनं 'गंभीर' असं नोंदवलं. खाली कारण लिहिलं: बघणाऱ्याची फसगत होते.

नेमकं त्याच महिन्यात श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्याला आमची नवी आवृत्ती द्यायची होती. तो कारखाना गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग बनवायचा. कंपनीला मिळालेलं ते सगळ्यात मोठं काम. करारात एक अट होती की एकही गंभीर दोष शिल्लक असताना माल द्यायचा नाही. बाकीचे सगळे मिटले होते. हा एक राहिला होता, आणि तो दुरुस्त करायचा तर रंगांचा सबंध भाग उसवावा लागणार होता, असं पद्मनाभचं म्हणणं.

तो अक्काच्या टेबलाशी आला. आमची टेबलं एकमेकांना लागून, त्यामुळे मी सगळं ऐकलं. तो कधी आवाज चढवत नसे. तिच्या शेजारी वाकून, मऊपणे बोलायचा.

"अक्का, रंग चुकला म्हणून यंत्र चुकीचं चालतं काय?"

"यंत्र नाही चुकत, पद्दू. बघणारा चुकतो."

"बघणाऱ्याचं असू दे. मी यंत्राचं विचारतो. रंगामुळं यंत्राला काही होतं काय?"

"नाही."

"मग गंभीर कसं? रंग म्हणजे शेवटी दिसण्याचं काम. किरकोळमध्ये टाक. पुढच्या आवृत्तीत पहिलं हेच करतो, वचन. तूच बदल, तुझी नोंद हाय. मी बदललं तर बरं दिसत नाही."

अक्कानं आपली नोंद पुन्हा उघडली. मग तिनं ते बदललं. त्याच संध्याकाळी पद्मनाभनं सगळ्यांना पेढे वाटले. घरी गेल्यावर तिनं आईला सांगितलं, काम वेळेत झालं म्हणून. मला जिन्यात थांबवून म्हणाली, "वचन दिलंय त्यानं. पुढच्या वेळी करेल की." माझ्याकडून होकार घेतल्याशिवाय ती बाजूला होईना.

पुढची आवृत्ती आली, तिच्यात दुसऱ्याच गोष्टी आल्या. छपाई आली, नवी चित्रं आली. अक्कानं दोनदा आठवण करून दिली. पद्मनाभ "होय अक्का, डोक्यात हाय," म्हणाला.

श्रीपेरुंबुदूरच्या त्या कारखान्यात पुष्कर नावाचा कराडचा मुलगा होता. पत्र्याचा तुकडा दाबून आकार देणाऱ्या प्रेसचे प्रोग्राम तो लिहायचा. आमचा एडिटर वापरताना अडलं की फोन करायचा, आणि पलीकडे मराठी ऐकू आलं की पाच मिनिटं जास्त बोलायचा. अक्काशी बोलताना त्याला मजा वाटायची. "मॅडम, तुमचं मराठी ऐकून माझी आजी रडेल," असं तो एकदा म्हणाला होता. अक्काला ते आवडलं होतं.

त्याचा फोन आला तो एका सकाळी, आणि मीच उचलला. त्यानं नावही सांगितलं नाही.

"तुमच्या एडिटरमध्ये ओळ निळी दिसतेय," तो म्हणाला. "मी चारदा बघितली. निळीच आहे. मग ती चालली का नाही?"

काय झालं ते त्याच्या बोलण्यातून तुकड्यातुकड्यानं कळलं. प्रेसच्या पुढे जाळीचं दार असतं. ते उघडं असेल तर प्रेस खाली येता कामा नये. हे बघणारी एक ओळ प्रोग्रामात होती. खरं तर प्रोग्रामाशिवाय थेट प्रेसची वीज तोडणारा, दाराला तारेनं जोडलेला एक वेगळा स्विचही असतो, पण तो सारखा बिघडून काम अडवतो म्हणून देखभाल खात्यानं तो आधीच काढून ठेवला होता. म्हणजे उरली ती एकच ओळ. आदल्या दिवशी पुष्करनं प्रेसचा वेग बदलला आणि जुनी प्रत कुठल्या फोल्डरात ठेवलीय ते बरोबर त्या ओळीच्या वर टिपून ठेवलं. शेवटी बॅकस्लॅश. खालची ओळ निळीच दिसत राहिली. प्रोग्राम यंत्रावर चढला. दुसऱ्या पाळीत एळुमलै नावाच्या कंत्राटी कामगारानं अडकलेला पत्रा काढायला जाळी उघडून हात आत घातला. जाळी उघडली की यंत्र थांबतं हे त्याला रोजच्या अनुभवानं माहीत होतं. त्याच्या उजव्या हाताची बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला.

मी फोन अक्काकडे दिला. तिनं एकच विचारलं, "वरच्या टिपणाच्या शेवटी काय लिहिलंस, पुष्कर?" त्यानं वाचून दाखवलं. तिनं फोन खाली ठेवला आणि उठून पद्मनाभच्या खोलीत गेली. काचेतून मला दोघंही दिसत होते. ती उभीच होती. त्यानं तिला पाणी दिलं, ते तिनं घेतलं नाही.

चार दिवसांनी कारखान्याचे दोन अधिकारी एग्मोरला आले. एक सुरक्षेचा, एक खरेदीचा. आम्हां सगळ्यांना मोठ्या खोलीत बसवलं. पद्मनाभ तयार होता. त्यानं काही लपवलं नाही, आणि त्यातच त्याची हुशारी होती. दोषांच्या नोंदीचं पान त्यानं स्वतः भिंतीवर दाखवलं.

"हा दोष आमच्या तपासणीत आला होता," तो इंग्रजीत म्हणाला. "दोष किती मोठा ते आमच्याकडे तपासणारी व्यक्तीच ठरवते. त्यांनी तो किरकोळ ठरवला."

सुरक्षा अधिकारी अक्काकडे वळला. "तुम्ही?"

"मी आधी गंभीर म्हणून लिहिलं होतं," अक्का म्हणाली.

"मग किरकोळ कुणी केलं?"

"मी केलं. पद्मनाभनं सांगितलं म्हणून केलं."

 पद्मनाभनं तिच्याकडे बघितलं ते रागानं नव्हे. दुखावल्यासारखं.

"मी अक्काला विचारलं होतं, रंगामुळं यंत्राला काही होतं का," तो म्हणाला. "ती म्हणाली, नाही. ती इतक्या वर्षांची अनुभवी. मी तिच्या शब्दावर गेलो."

हे खरंच होतं. त्यानं तेच विचारलं होतं आणि तिनं तेच उत्तर दिलं होतं. मी बोलले. म्हटलं, मी शेजारी होते, अक्कानं बघणारा चुकतो हेही सांगितलं होतं, आणि तिची पहिली नोंद गंभीर आहे, कारणासकट आहे. खरेदी अधिकाऱ्यानं मान डोलावली. "दिसतंय ते," तो म्हणाला. "म्हणजे त्यांना धोका कळला होता, आणि कळूनही त्यांनी बदललं." मी पुन्हा बोलायला पुढे सरकले. अक्कानं टेबलाखालून माझं मनगट धरलं, पुरे म्हणून.

महिन्याच्या शेवटी तिला काढलं. कारखान्याला पाठवलेल्या खुलाशात 'संबंधित व्यक्तीवर कारवाई करण्यात आली आहे' असं वाक्य होतं. काम कंपनीकडेच राहिलं. रंगांचा तो दोष एका नव्या मुलानं जेवायच्या सुट्टीआधी दुरुस्त केला. सबंध भाग उसवावा वगैरे लागला नाही. नव्या आवृत्तीबरोबर जो कागद गेला त्यात पद्मनाभनं आपल्या हातानं ओळ लिहिली होती: रंगांच्या मांडणीत किरकोळ सुधारणा.

घरी निराळंच सुरू झालं. पद्मनाभ स्वतः येऊन आत्याला भेटून गेला होता. काय सांगितलं ते मला माहीत नाही. पण मी संध्याकाळी खाली गेले तेव्हा अन्नपूर्णाबाई भाजी चिरता चिरता, लेकीकडे न बघता बोलत होत्या.

"त्यानं तुज नोकरी दिली. बाप गेला तेव्हा हात कोणी दिला? आणि तू परक्या माणसांपुढं त्याचं नाव घेतलंस."

"खरं होतं ते सांगितलं, अम्मा."

"खरं म्हणून सगळं बोलायचं असतं काय? त्याच्या घरी मुलगी लग्नाची हाय. त्याचं नाव गेलं असतं तर?"

"माझं गेलं की."

"तुझं नाव कोणाला ठाऊक?" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी ते टोचायचं म्हणून म्हटलं नव्हतं. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. अक्का उठून मागच्या दारी गेली आणि वाळत घातलेले कपडे काढायला लागली, ते अजून ओले होते.

पुढचे बरेच दिवस ती काम शोधत होती. वर्तमानपत्रातल्या जाहिराती बघायची, फोन करायची. एक-दोन ठिकाणी मुलाखतीला गेली. आधीची नोकरी का सोडली, हे विचारलं की ती जे झालं ते सरळ सांगायची. मी तिला म्हटलं, एवढं सांगायची गरज नाही, कंटाळा आला म्हणून सोडली असं सांग. ती म्हणाली, "ते मज नीट जमणार नाही, रुचिरा. मी खोटं बोलले की आवाज बदलतो." तिला कुठूनही बोलावणं आलं नाही.

मग एक दिवस म्हणाली, "त्या एळुमलैला भेटायचंय."

"कशाला?"

"त्याला सांगायला नको काय, त्याची चूक नव्हती म्हणून? कारखान्यातले कोणी सांगणार नाहीत. केस करायची असली तर मी येऊन सांगेन, कोर्टात म्हणाला तर कोर्टात. मज आता गमवायला काय हाय?"

कितीतरी दिवसांनी तिच्या बोलण्यात जोर होता. मीही भुलले. पुष्करला फोन केला. त्यालाही कारखान्यानं राजीनामा द्यायला लावला होता. आठवड्यानं तो कराडला परतणार होता. पत्ता त्याला माहीत होता. रविवारी आम्ही तिघं गेलो.

श्रीपेरुंबुदूरपासून शेअर रिक्षानं आत जायचं गाव. एळुमलै घरासमोरच्या झाडाखाली बसला होता. तीस-बत्तीसचा असेल. उजवा हात टॉवेलात गुंडाळून मांडीवर ठेवला होता. पुष्करला बघून उठायला लागला, पुष्करनं त्याला खांद्याला धरून बसवलं आणि मग स्वतःला तिथं उभं राहवेना म्हणून रस्त्याकडे जाऊन थांबला. एळुमलैच्या बायकोनं समोरच्या दुकानातून आमच्यासाठी कलर आणवला; तिकडे बाटलीतल्या रंगीत सोड्याला कलरच म्हणतात. अक्का तमिळमध्ये बोलायला लागली. मला तोवर पुरेसं तमिळ कळत होतं.

तिनं सगळं सोपं करून सांगितलं. एक ओळ होती, दार उघडलं की यंत्र थांबवणारी. ती पडद्यावर दिसत होती पण यंत्रात नव्हती. ती म्हणाली, ते मला आधीपासून माहीत होतं. मी ते दुरुस्त करून घ्यायला हवं होतं, घेतलं नाही. तुम्ही हात घातलात ते बरोबरच होतं, जाळी उघडल्यावर यंत्र थांबायलाच पाहिजे होतं.

एळुमलै ऐकत होता. तिचं संपल्यावर त्यानं विचारलं, "म्हणजे माझी चूक नव्हती?"

"नव्हती."

"जराही?"

"जराही नव्हती."

 बायको दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मग त्यानं आवाज खाली आणून विचारलं, "मॅडम, हे तुम्ही अजून कुणाला सांगितलंत?"

"कारखान्याच्या साहेबांसमोर सांगितलंय. अजून पाहिजे तिथं सांगेन."

"सांगू नका," तो म्हणाला.

अक्काला कळलं नाही. तिनं पुन्हा समजावायला सुरुवात केली, की भीती नको, खर्चाचं बघू, वकील ओळखीचा आहे. त्यानं डावा हात वर करून तिला थांबवलं.

"मी लिहून दिलंय. जाळीची कडी मी स्वतः वाकवून ठेवली होती, दार उघडलं तरी यंत्र थांबू नये म्हणून, असं. माझी चूक, असं. म्हणून ते मला गेटवर राखणीला घेतायत. कायम नोकरी. आठ वर्षं कंत्राटी होतो, मॅडम, कायम कुणी केलं नाही. आता करतायत. तुम्ही उद्या म्हणालात यंत्राची चूक, तर ते म्हणतील मी खोटं लिहून दिलं. मग गेट पण नाही."

"पण ते खोटंच आहे," अक्का म्हणाली.

"आजपर्यंत मला नक्की माहीत नव्हतं," एळुमलै म्हणाला. "त्या दिवशी कडी वाकडी होती का, मीच घाईत वाकवली का, मला आठवत नव्हतं. साहेब म्हणाले तूच वाकवलीस. मी म्हटलं असेल."

त्याची बायको पुढे आली. रिकाम्या बाटल्या उचलता उचलता ती अक्काला म्हणाली, "तुम्हांला झोप लागत नाही म्हणून आलात ना? आमच्या घरात आता कुठे जरा झोप लागायला लागली होती."

अक्कानं हात जोडले. बाई आत निघून गेली. एळुमलैनंच आम्हांला रिक्षापर्यंत सोडलं, आणि पुष्करला म्हणाला, "सार, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." पुष्करला मान वर करता आली नाही.

परतीच्या बसमध्ये अक्का खिडकीशी बसली. पूनमल्लीचा थांबा मागे पडला. मग ती म्हणाली, "त्याला चूक आपली म्हणून वाटत होती, त्यात तो कसाबसा बसला होता. मी जाऊन ते पण काढून घेतलं. आता रोज गेटवर बसेल आणि त्याला ठाऊक असेल." मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले. ती म्हणाली, "राहू दे, पोदुम." पोदुम म्हणजे पुरे.

पुष्कर कराडला गेला. त्याच्या भावाचं शेतीपंपांचं दुकान आहे, तिथं बसतो. एकदा दिवाळीला त्याचा फोन आला होता. संगणकाला परत हात लावला नाही म्हणाला, आणि लगेच हवापाण्याच्या गोष्टी काढल्या.

अक्काला शेवटी किल्पाकला एका दवाखान्याच्या बिलांच्या खोलीत काम मिळालं. कागदावर असेल ते संगणकात भरायचं. तिथं तिचं मत कुणी विचारत नाही, आणि तिला ते सोयीचं वाटत असावं. एकदा बिलात सरळसरळ चूक दिसली, एकाच औषधाचे पैसे दोनदा लावलेले, तेव्हा काय केलंस म्हणून मी विचारलं. "मुख्य कारकुनाला दाखवलं," ती म्हणाली. "तो म्हणाला, आहे तसं भरा. मी भरलं नाही. त्यानं माझ्या समोरून कागद नेला आणि शेजारणीस दिला. तिनं भरलं." एवढं सांगून ती ताक घुसळायला बसली.

मी कायमची चेन्नई सोडून निघाले त्या दिवशी, नवरात्रात, पद्मनाभ त्यांच्या घरी आला. मुलीच्या लग्नाचं आमंत्रण आणि आत्याला रेशमी साडी. कंपनी बंगळुरूच्या एका मोठ्या कंपनीनं घेतली होती, तो अजून तिथंच वरच्या जागेवर होता. अन्नपूर्णाबाईंनी त्याला गोलूच्या, म्हणजे नवरात्रात मांडलेल्या बाहुल्यांच्या, पायऱ्यांशेजारी बसवलं. अक्कानं कॉफी आणून ठेवली.

"अक्का, तुझ्यासारखं चुका शोधणारं कोणी मिळालं नाही बघ," पद्मनाभ म्हणाला. "नवीन मुलं यादी बघून टिक करतेत. तू घरून बघशील काय? नाव कुठं यायचं नाही, त्यामुळं कोणी हरकत घेणार नाही. मी बोलून ठेवलंय."

"नाही," अक्का म्हणाली.

"विचार करून सांग, घाई नाही."

"विचार केला, पद्दू. लग्नाला अम्माला घेऊन येईन."

तो हसला, मोठ्या मनानं, आणि आत्याच्या पाया पडून निघाला. त्याची गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत अन्नपूर्णाबाई दारात उभ्या होत्या. आत आल्यावर साडीची घडी उलगडून बघत म्हणाल्या, "एवढा मोठा माणूस, झालं गेलं विसरून घरी येतो. तुज दोन शब्द गोड बोलायला काय होतं?"

अक्कानं त्याचा पेला उचलला. कॉफी त्यानं अर्धीच प्यायली होती. ती मोरीत ओतून तिनं पेला विसळला, आणि मला विचारलं, तुझी गाडी किती वाजता, बरोबर दहीभात बांधून देऊ का.